सुसंगत आकाश

ट्रॉय, मिशिगन येथील शंतनू देवस्थळी यांच्याकडे एक दुर्बीण होती आणि ती चालत होती. सगळ्या अडचणीचं मूळ एवढंच होतं.

ती चालते हे बघून कोणालाही पटलं नसतं. बॅकयार्डात तिपाईवर दुर्बीण, तिच्या पाठीला कॅमेरा, पोटाशी फोकसची मोटर आणि या सगळ्यांतून निघालेल्या वायरी एका जुन्या लॅपटॉपमध्ये शिरलेल्या. लॅपटॉप पॅटिओच्या खुर्चीवर आणि थंडी वाजू नये म्हणून त्याच्या अंगावर टॉवेल. कुठली वायर जरा वाकवून धरायची, कुठला प्रोग्रॅम आधी उघडायचा आणि कुठल्या एरर मेसेजकडे लक्षच द्यायचं नाही, हे शंतनूला पाठ होतं. तो मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमध्ये होता, त्यामुळे एरर मेसेजकडे लक्ष न देण्याचा त्याला पगारच मिळत असे.

त्या वर्षी उन्हाळ्यात त्याचे सासरे शशिकांत मास्तर नागपूरहून लेकीकडे राहायला आले. मास्तरांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला होता. आता दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला मधोमध काहीतरी झालं होतं. कडेचं दिसे, समोरचं दिसत नसे. बोलताना ते माणसाच्या कानाकडे बघत, तेव्हा कुठे त्यांना त्याचा चेहरा दिसे. अमेरिकेतल्या लोकांना वाटे की ते दुसऱ्याच कोणाशी बोलताहेत.

शंतनूने एका संध्याकाळी लॅपटॉप गॅरेजमधल्या मोठ्या टीव्हीला जोडून त्यांना शनी दाखवला. मास्तर टीव्हीपासून वीतभर अंतरावर उभे राहिले, मान तिरकी केली आणि बघत राहिले. मग म्हणाले, "कडं आहे नं हो! खरंच आहे!" आयुष्यभर आपण मुलांना खरं सांगितलं याची त्यांना जणू पावतीच मिळाली होती.

आणि मग बातमी आली की ऑक्टोबरात सूर्यास्तानंतर पश्चिमेला एक धूमकेतू दिसणार आहे.

"फळ्यावर शेकडो काढले मी," मास्तर म्हणाले, "पण बघितला एकही नाही. ज्या वर्षी आला त्या वर्षी ढग, नाही तर पेपर तपासणी. शंतनूराव, दाखवाल नं?"

"दाखवतो की, बाबा. त्यात काय."

हे म्हणताना शंतनू खरं बोलत होता. केदार त्यानंतरच्या शनिवारी आला.

केदार हा महाराष्ट्र मंडळाचा सांस्कृतिक सचिव. नव्या वस्तू सर्वांत आधी विकत घ्यायच्या आणि मग ज्यांच्याकडे त्या नाहीत त्यांची काळजी करायची, असा त्याचा स्वभाव होता. त्याने बॅकयार्डातली दुर्बीण पाहिली आणि तो हळहळला.

"यार, हा आयसीयूमधला पेशंट आहे का? किती नळ्या लावल्यात!"

"चालतं पण, केदार."

"चालतं म्हणजे काय? टाइपरायटरही चालतो. अरे, ऑल-इन-वन घे. एकच डबा. माउंट, कॅमेरा, फोकस, सगळं तोच बघतो. तू सोफ्यावर बसायचं आणि फोनवर एक टॅप करायचा. युजर एक्स्पीरियन्स नावाची काही गोष्ट असते की नाही?"

शंतनूला युजर असण्याचा अनुभव होता, पण युजर एक्स्पीरियन्स नव्हता. त्याला ओशाळल्यासारखं झालं. केदार गाडीत बसायच्या आत त्याने ऑर्डर देऊन टाकली.

डब्याचं नाव ओम्नीव्हेगा. साबणाच्या वडीएवढा, पांढरा, गुळगुळीत. त्याला एकही बटण नव्हतं. वापरणाऱ्याला मधेच काही करावंसं वाटणं हा कंपनीच्या मते डिझाइनमधला दोष होता आणि तो या मॉडेलमध्ये दूर करण्यात आला होता.

ॲपने सांगितलं, फोन डब्याच्या वायफायला जोडा. शंतनूने जोडला. ॲपने सांगितलं, आता खातं उघडा, त्यासाठी इंटरनेट लागेल. डब्याच्या वायफायला इंटरनेट नव्हतं. शंतनूने फोन घरच्या वायफायला जोडला. ॲप म्हणालं, आपला डबा सापडत नाही. डबा शंतनूच्या हातात होता. मदतीच्या पानावर या अडचणीची दखल घेतलेली होती: "काही ग्राहकांना असा अनुभव येतो. हा अनुभव अपेक्षित आहे."

शेवटी एक फोन डब्याला आणि दुसरा इंटरनेटला, असा तोडगा निघाला. दुसरा फोन आरोहीचा, म्हणजे शंतनूच्या मुलीचा होता. ती अकरावीत होती. तिने जेवता जेवता एका अंगठ्याने कोड टाकला आणि दुर्बीण चालू झाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग पडद्यावर अक्षरं आली: "अभिनंदन, आरोही! तुम्ही या उपकरणाच्या मालक आहात."

"अगं, हे माझ्या नावावर कर," शंतनू म्हणाला.

"कॅनॉट," आरोही म्हणाली. "ओनरशिप ट्रान्स्फर करायला ओनर एटीन हवा. आय ॲम नॉट एटीन."

मालक अज्ञान असल्यामुळे पालकाची संमती लागत होती. ती शंतनूने दिली. संमतीत असं म्हटलं होतं की मी माझ्या पाल्याला या दुर्बिणीचा वापर करू देईन आणि त्यात ढवळाढवळ करणार नाही. त्याने नेहमीप्रमाणे न वाचता मान्य केलं. ॲपने त्याला ताबडतोब "अतिथी निरीक्षक" हा दर्जा बहाल केला. अतिथी निरीक्षकाला आकाश बघता येत असे, पण ते कुठलं आकाश असावं हे ठरवता येत नसे. त्या दिवसापासून शंतनूला फोकस जरा सरकवायचा असला तर तो मुलीच्या खोलीचं दार वाजवू लागला.

मग डब्याने कॅमेऱ्याकडे पाहिलं. "हा कॅमेरा सुसंगत नाही." कॅमेरा चांगल्या कंपनीचा होता. शंतनूने कंपनीच्या ग्राहकसेवेला चॅटवर तसं कळवलं. उत्तर आलं, "आम्ही सर्व कॅमेऱ्यांचा आदर करतो. आपला कॅमेरा आमच्याशी सुसंगत होण्यास तयार नाही, याचं आम्हाला वाईट वाटतं." शंतनूने डब्याच्या कंपनीचा कॅमेरा आणला. नव्या कॅमेऱ्याला फोकसची जुनी मोटर चालेना. नवी मोटर आणली, तर ती जुन्या माउंटशी बोलेना. दर वेळी कुरिअरवाला येऊन गेला की हिमानी, शंतनूची बायको, दारातलं खोकं उचलून आत आणी आणि काही बोलत नसे. शेवटचं खोकं फारच जड होतं, तेव्हा ती बोलली.

"जुनं सामान तरी ठेव. निदान धूमकेतू होईपर्यंत."

"दोन दोन सिस्टिम ठेवल्या की गोंधळ होतो, हिमानी. आता सगळं एकाच इकोसिस्टिममध्ये आहे."

जुना कॅमेरा ॲन आर्बरच्या एका माणसाने नेला. लॅपटॉप गावाच्या रिसायकलिंगमध्ये गेला. टॉवेल तेवढा परत बाथरूममध्ये आला.

सासऱ्यांना कळावं म्हणून शंतनूने ॲपची भाषा मराठी करून ठेवली. कंपनीने जगातल्या यच्चयावत भाषा दिल्या होत्या आणि त्यातल्या एकाही भाषेतल्या माणसाला विचारलं नव्हतं. दुर्बीण ज्या बैठकीवर फिरते त्या बैठकीला इंग्रजीत माउंट म्हणतात. त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी आरोहीने अडखळत मोठ्याने वाचलं, "पर्वत सापडला नाही."

मास्तर खुर्चीत सावरून बसले. "मिशिगनात पर्वत कुठला आलाय? सगळं सपाट आहे."

थोड्या वेळाने पर्वत सापडला. मग तो घरी गेला. मग आरोहीने वाचलं, "पर्वत थकला आहे, कृपया त्याला पुन्हा सुरू करा." मास्तरांना हे सगळं इतकं आवडलं की ते रोज संध्याकाळी कानटोपी घालून ॲप ऐकायला बाहेर येऊन बसत.

धूमकेतू आला. पश्चिमेला झाडांच्या वर, संधिप्रकाशात, काही काळच थांबत असे आणि मग मावळत असे. शहराच्या उजेडात नुसत्या डोळ्यांना तो दिसत नव्हता. पण शेजारचा एक अमेरिकन म्हातारा जुन्या दुर्बिणीला डोळा लावून रोज "ब्यूटिफुल, ब्यूटिफुल" म्हणत होता. डोळा लावणं मास्तरांच्या उपयोगाचं नव्हतं. त्यांना मोठा पडदा हवा होता.

पहिल्या संध्याकाळी डब्याने सॉफ्टवेअर अपडेट केलं. ते संपलं तेव्हा धूमकेतू मावळला होता.

दुसऱ्या संध्याकाळी डब्याने जाहीर केलं की दिशा निश्चित करण्यासाठी आकाश पुरेसं अंधारलेलं नाही. सगळे थांबले. आकाश पुरेसं अंधारलं तेव्हा डब्याने दिशा निश्चित केली, आणि त्या दिशेला आता काही नव्हतं.

"उद्या नक्की, बाबा," शंतनू म्हणाला.

"असू द्या," मास्तर त्याच्या कानाकडे बघत म्हणाले. "पर्वताला पण घाई करून चालत नाही."

पुढच्या संध्याकाळी सगळं जुळलं. अपडेट नव्हतं, पर्वत जागेवर होता. आरोहीने धूमकेतूचं नाव टाइप केलं. ॲपने शोध घेतला आणि सांगितलं, "ही वस्तू यादीत नाही. आपल्याला हे आवडेल: देवयानी दीर्घिका. मृगातील तेजोमेघ. चंद्र."

"नाव सोड, नुसतं तिकडे वळव ना दुर्बीण," शंतनू म्हणाला. "झाडाच्या वर. मी हात करून दाखवतो."

"डॅड, मॅन्युअल मूव्ह नाहीये. दे रिमूव्ह्ड इट. इट वॉज कन्फ्यूजिंग पीपल."

शंतनूने नव्या माउंटला हातानेच ढकलायचा प्रयत्न केला. माउंटने शिट्टी वाजवली आणि मालकाच्या फोनवर सूचना गेली की एक अतिथी उपकरणाशी गैरवर्तन करत आहे.

मग त्याने ग्राहकसेवेला गाठलं. त्याने लिहिलं, तुमच्या यादीत धूमकेतू नाही. उत्तर आलं, "आम्ही कायमस्वरूपी वस्तूंना सेवा देतो. धूमकेतू ही तात्पुरती वस्तू आहे."

त्याने लिहिलं, तात्पुरती आहे म्हणूनच घाई आहे.

"आपली भावना समजू शकतो. आपण वस्तू समाविष्ट करण्याची विनंती नोंदवू शकता. अशा विनंत्यांचा विचार आम्ही पुढच्या उन्हाळ्यात करतो."

त्याने लिहिलं, तोपर्यंत धूमकेतू सूर्यमालेच्या बाहेरच्या वाटेला लागलेला असेल.

"मग आपली अडचण सुटलेली असेल," कंपनीने लिहिलं. "या संभाषणाला आपण किती तारे द्याल?"

शंतनूने पाच दिले. कमी दिले असते तर कारण लिहावं लागलं असतं.

त्यानंतर ढग आले, आणि मास्तरांच्या परतीच्या विमानाचा दिवस जवळ आला. धूमकेतूही फिका पडत चालला होता. हिमानी एकदा स्वयंपाकघरात नवऱ्याला हळूच म्हणाली, "त्यांनी नागपूरला फोन करून सगळ्यांना सांगितलंय की जावई दाखवणार आहे."  शंतनूने फ्रिज उघडला आणि पुन्हा बंद केला.

आणि मग, ज्या वेळी आशा सोडायची असते नेमक्या त्या वेळी, मोठं अपडेट आलं. त्यात धूमकेतू होता. इतक्या लोकांनी आरडाओरडा केला होता की कंपनीने तात्पुरत्या वस्तूंविषयीचं धोरण तात्पुरतं बदललं होतं. शिवाय "खात्रीचं आकाश" नावाची एक नवी सोय आली होती. ती कसली हे कोणी वाचलं नाही. ती आपोआप चालूच होती.

ढगही फाटले. केदारने मंडळाच्या ग्रुपवर परस्पर जाहीर करून टाकलं की शंतनूकडे धूमकेतू दर्शन आहे. संध्याकाळी बॅकयार्ड भरलं. हिमानीने भेळ केली होती, मुलांसाठी पिझ्झा होता. केदारची बायको अबोली लेकीला घेऊन आली होती, कारण लेकीला कॉलेजच्या अर्जासाठी काहीतरी वैज्ञानिक अनुभव हवा होता. गॅरेजचं दार उघडून टीव्ही बाहेर तोंड करून लावला. मास्तरांना सगळ्यांत पुढची खुर्ची दिली.

आरोहीने एक टॅप केला. दुर्बीण गुणगुणत वळली. टीव्हीवर एक गोल फिरला, थांबला, आणि धूमकेतू आला.

काय धूमकेतू होता! हिरवट तेजस्वी डोकं, त्यातून उलगडत गेलेली एक सोनेरी शेपटी, शिवाय एक निळी. मागे ताऱ्यांचा सडा. कोणीतरी "गणपती बाप्पा" म्हणालं आणि बाकीच्यांनी "मोरया" म्हटलं. फोन वर झाले. मास्तर उठले, टीव्हीजवळ गेले आणि मान तिरकी करून बघत राहिले.

"अगदी फळ्यावरचा," ते म्हणाले. त्यांचा आवाज जरा घोगरा झाला. "तंतोतंत फळ्यावरचा हो."

 आपला चेहरा कोणाला दिसू नये म्हणून शंतनू दुर्बिणीच्या पलीकडे गेला आणि उगाच काहीतरी करायचं म्हणून त्याने भिंगावर दव धरलंय का ते चाचपलं. हाताला प्लास्टिक लागलं. दुर्बिणीच्या तोंडावर झाकण होतं.

संध्याकाळी तयारी करताना ॲपने त्याला "झाकण लावा" असं सांगितलं होतं, अंधाराचे नमुने घेण्यासाठी. काढा असं कुठेच सांगितलं नव्हतं. आणि ॲपने न सांगितलेलं काहीही करण्याची शंतनूची सवय गेल्या काही आठवड्यांत पूर्ण मोडली होती.

तो केदारजवळ आला. "अरे, झाकण लागलेलं आहे."

"कशाला?"

"दुर्बिणीला!"

केदारने टीव्हीकडे पाहिलं. धूमकेतू झळाळत होता. "मग हे काय दिसतंय?"

आरोहीने सेटिंग उघडून वाचलं, एकेक शब्द जुळवत: "खात्रीचं आकाश. कॅमेऱ्यास प्रकाश न मिळाल्यास, ग्राहकाची निराशा टाळण्यासाठी, आमच्या चित्रकारांनी तयार केलेलं संदर्भचित्र दाखवलं जाईल."

"गप्प बसा यार," केदार कुजबुजला. "लोकांनी पोस्ट केलंय ऑलरेडी."

पण मास्तरांचे कान चांगले होते. त्यांनी वळून विचारलं, "म्हणजे हा तो नाही?"

शंतनूला क्षणभर वाटलं, सांगू नये. मग तो म्हणाला, "नाही, बाबा."

"मग जो आहे तो दाखवा नं."

शंतनूने झाकण काढलं. टीव्हीवरचा धूमकेतू विझला. राखाडी पडदा आला, आणि त्याच्या मध्यावर एक पुसट डाग. ओल्या बोटाने खडू पुसावा तसा. शेपूट असलीच तर मानण्यावर होती.



"हा?" अबोली म्हणाली.

"मघाचा बरा होता," मागून कोणीतरी म्हणालं.

"ह्याचा फोटो काय काढणार?" अबोलीची लेक म्हणाली. "अर्जाच्या एसेमध्ये काय लिहू मी?"

मास्तर टीव्हीपुढे तसेच उभे होते. आधी त्यांनी सरळ बघितलं, तर काहीच नव्हतं. मग मान डावीकडे केली, मग जराशी वर. पडद्याच्या कोपऱ्याकडे नजर लावून ते श्वास रोखून थांबले.

"आहे," ते हळूच म्हणाले. "थांबा. आहे काहीतरी. धुकट आहे. सरळ बघितलं की पळतो." ते स्वतःशीच हसले. "हिमानी, ये इकडे, बघ. आला बघ हा."

हिमानी वडिलांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि तिनेही मान तिरकी केली.

तेवढ्यात आरोहीच्या फोनवर लाल पट्टी आली आणि तीच टीव्हीवरही आली: "दृश्याचा दर्जा घसरला आहे. मागील समाधानकारक स्थितीवर परतण्यासाठी झाकण लावा."

सगळ्यांनी ते वाचलं. मग सगळ्यांनी शंतनूकडे पाहिलं. झाकण अजून त्याच्या हातात होतं.

"लाव ना यार," केदार समजुतीच्या सुरात म्हणाला. "काकांचं बघून झालंय. एवढे लोक आलेत."

"काका, जरा बाजूला व्हाल का?" कोणीतरी म्हणालं. "ग्रुप फोटो घ्यायचाय."

शंतनूने पाहुण्यांकडे पाहिलं. मग ॲपकडे पाहिलं. ॲपने सांगितलं होतं. त्याने झाकण लावलं.

टीव्ही पुन्हा उजळला. हिरवं डोकं, सोनेरी शेपटी, निळी शेपटी. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला आणि पुढे सरकून जागा धरल्या. मास्तर मान तिरकी करून अजून कोपऱ्यात बघत होते. त्यांनी एकदा उजवीकडे शोधलं, मग डावीकडे.

"कुठं गेला?" त्यांनी विचारलं.

"हा काय, काका!" सगळे एकदम म्हणाले. "समोरच तर आहे!"

हिमानीने वडिलांचा हात धरला आणि त्यांना घरात नेलं. मागे फोटो निघत राहिले.

टीव्हीवरच्या धूमकेतूचा तो फोटो चांगलाच फिरला. ट्रॉयहून तो शॉमबर्गला गेला, तिथून क्युपर्टिनोला, आणि रात्रीतून पुण्या-नागपुरात पोचला. खाली लिहिलं होतं: आमच्या मंडळाच्या एका सभासदाने घरामागच्या अंगणातून टिपलेला धूमकेतू, अभिमानाने शेअर करा. शेजारच्या अमेरिकन म्हाताऱ्यानेही आपण काढलेला एक पुसट डागाचा फोटो कुठेसा टाकला होता. त्याखाली कोणीतरी त्याला चांगलं ॲप सुचवलं होतं.

तुमच्याकडेही तो आला असणार. हिरवं डोकं, दोन शेपट्या, मागे ताऱ्यांचा सडा. तुम्ही अंगठ्याने तो मोठा करून बघितलात, "अप्रतिम" असं लिहिलंत, एक हृदय जोडलंत आणि चार ग्रुपांवर पुढे पाठवलात. खरा धूमकेतू त्या आठवड्यात रोज संध्याकाळी तुमच्या गच्चीवरच्या आकाशातही होता, पुसट का होईना. पण वर जा, असं तुम्हाला कुठल्या ॲपने सांगितलं नव्हतं.